बॉयलर पेटायच्या आत सर्व्हर प्रायव्हेट क्लाउडवर – माझा अनुभव

मी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात आयटी बघतो. आमचे वीस-बावीस व्हर्च्युअल सर्व्हर (एका खऱ्या मशिनवर, म्हणजे होस्टवर, सॉफ्टवेअरने चालणारे अनेक सर्व्हर) कितीतरी वर्षं व्हीएमवेअर कंपनीच्या सॉफ्टवेअरवर होते, पण नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने ती कंपनी घेतली, कायमची लायसन्स विकणं बंद होऊन सबस्क्रिप्शन आलं, त्यात आमच्या व्हीस्फिअर ७ चा (व्हीएमवेअरचं तेच सॉफ्टवेअर) सपोर्ट ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता, म्हटलं आता काहीतरी करायलाच पाहिजे. मग ओपनस्टॅक ठरलं, म्हणजे आपल्याच मशिनांवर स्वतःचा प्रायव्हेट क्लाउड उभा करायचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर.

गळीत हंगामात उसाचा वजनकाटा रात्रंदिवस चालू, ट्रॅक्टरची रांग गेटबाहेर, तेव्हा सर्व्हरला हात लावायची कुणाची हिंमत नाही. म्हणून जे काय ते उन्हाळ्यातच उरकायचं होतं. (नवीन मशिनं वरच्या मजल्यावर चढवताना पोरांनी शिव्या घातल्या, पण २०१९ चा महापूर बघितल्यावर सर्व्हर रूम खाली कोण ठेवणार!)

एक आधीच सांगतो, स्टोरेजचा हिशोब नीट मांडा. ओपनस्टॅकसोबत आम्ही वापरलेलं सेफ (Ceph) नावाचं स्टोरेज सॉफ्टवेअर प्रत्येक डेटाच्या तीन कॉप्या ठेवतं, म्हणजे ३० टीबीच्या डिस्क घेतल्या तर हातात १०, आणि तेही गच्च भरायचं नाही. हे आमच्या अकाउंट्सवाल्या सरांना पटवायला मशिनं उभी करण्यापेक्षा जास्त चहा लागला.

जुन्या सर्व्हरच्या डिस्क हलवणं तसं सोपं निघालं. जुने स्नॅपशॉट (मशीनच्या त्या-त्या वेळच्या साठवलेल्या स्थिती) काढायचे, आतलं व्हीएमवेअर टूल्स आधीच अनइन्स्टॉल करायचं (नंतर ते निघता निघत नाही), मशीन बंद करून व्हर्ट-व्हीटूव्ही हे डिस्क कन्व्हर्ट करायचं टूल चालवायचं. नुसती डिस्क कन्व्हर्ट केली तर विंडोज निळा स्क्रीन दाखवतं, कारण नव्या क्लाउडमधली डिस्क ओळखणारा व्हर्टआयओ ड्रायव्हर आत नसतो, हे टूल तो घालून देतं. डेटाबेसचं मात्र मशीन उचलून नेलं नाही, नवीन केलं आणि बॅकअप रिस्टोअर केला, ते बरं पडतं.

खरी डोकेदुखी नेटवर्कची. लिनक्समध्ये नेटवर्क कार्डचं नाव ईएनएस१९२ चं ईएनएस३ झालं की आयपी गेला, विंडोजमध्ये जुनं कार्ड दिसत नाही पण आयपी धरून बसतं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली डिव्हाइसेस दाखवून ते काढावं लागतं. सिक्युरिटी ग्रुपमध्ये (ओपनस्टॅकचं फायरवॉल) पोर्ट उघडल्याशिवाय बाहेरून काही आत येत नाही, ते एक वेगळंच.

आणि एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल साइज! कारखान्याच्या शेती खात्यातून फोन आला, लॉगिन होतंय, एका शेतकऱ्याचा ऊस दिसतोय, पण मागच्या हंगामाची पंधरवड्याची बिलयादी काढली की नुसतं गोल फिरतंय. पिंग चालू, सर्व्हरवर लोड नाही, डेटाबेसमध्ये क्वेरी सेकंदात येतेय, मग अडतंय कुठं? क्लाउडच्या आतलं नेटवर्क व्हीएक्सलॅनवर चालतं, ते प्रत्येक पॅकेटवर आपलं वेष्टण चढवून ५० बाइट खातं, त्यामुळे आतल्या मशिनला १५०० नाही तर १४५० च एमटीयू पाहिजे. आयपी आपोआप देणाऱ्या डीएचसीपीवर लिनक्सला तरी तो आपोआप मिळतो, पण आमचे सगळे जुने सर्व्हर स्टॅटिक आयपीचे, ते १५०० वरच अडून. छोटी पॅकेट जायची, मोठी गुपचूप गायब. मोठ्या साइजचं पिंग डोन्ट फ्रॅगमेंट (पॅकेटचे तुकडे करू नको) लावून मारलं तेव्हा कळलं. १४५० केलं आणि यादी धडाधड प्रिंटरवर.

काट्याचं सॉफ्टवेअर मात्र नेलंच नाही. त्याचं लायसन्स यूएसबी डोंगलवर (मशिनला लावायची छोटी चावी), म्हणजे मशीन एकाच होस्टला बांधलेलं, मग क्लाउडचा उपयोग काय? काट्यावरचे अण्णा आधीच म्हणाले होते, "साहेब, काट्याला हात लावू नका, बाकी काय करायचं ते करा." त्यांना काट्याजवळच वेगळा पीसी दिला आणि फक्त डेटा क्लाउडमधल्या सर्व्हरकडे येतो, लिंक तुटली तरी वजन थांबत नाही. सगळंच क्लाउडवर टाका म्हणणारे व्हेंडर भेटतील, ऐकू नका.

जुने होस्ट लगेच विकू नका. आमचे पहिला पंधरवडा पार पडेपर्यंत तसेच बंद करून ठेवले होते, आता त्यातले दोन बॅकअपला लावलेत, तिसऱ्याची रॅम काढून अकाउंट्सच्या सर्व्हरला घातली.