चवीची जबाबदारी वाटून घेताना : आमची वाटचाल

कराडजवळच्या आमच्या छोट्या कारखान्यात कांदा-लसूण मसाला तयार होतो. २०११ साली घराच्या पडवीत आम्ही चौघींनी हे काम सुरू केले, तेव्हा हेतू अगदी स्पष्ट होता : घरचे आवरून सकाळी अकराला चालत येता येईल, शाळा सुटायच्या वेळी परत जाता येईल आणि महिन्याच्या शेवटी स्वतःच्या खात्यात पैसे जमा होतील, असे काम आमच्या वस्तीतल्या बायकांना मिळावे. आज आम्ही बावीसजणी आहोत. विक्री वाढली, यंत्रे आली, अन्नसुरक्षेचा परवाना आला. हा भाग सगळ्याच उद्योगांच्या कहाणीत असतो, म्हणून तो इथे विस्ताराने सांगत नाही. मला सांगायचे आहे ते २०१८ च्या हंगामाविषयी, ज्यात मी हे काम सोडून देण्यापर्यंत आले होते.

वर्षाचा मसाला उन्हाळ्यात करून ठेवण्याची पद्धत आमच्या भागात अजून टिकून आहे, त्यामुळे होळीपासून मृगापर्यंत आम्हाला उसंत नसते. ब्याडगी रंगासाठी, संकेश्वरी तिखटपणासाठी. दोन्ही मिरच्यांची खरेदी मीच करायची, धने, तीळ आणि खोबरे किती भाजायचे ते मीच सांगायचे, डंखातून, म्हणजे मसाला कांडण्याच्या यंत्रातून, निघालेला प्रत्येक घाणा मीच चाखायचा आणि दुकानदारांची थकलेली बिलेही मीच मागायची. पहाटे पाचला घरचा स्वयंपाक आणि रात्री अकराला हिशेबाची वही, असे कित्येक आठवडे गेल्यावर एप्रिलमध्ये माझ्या लक्षात आले की ज्या भाजलेल्या मिरचीच्या वासावर मी हा उद्योग उभा केला, तो वास मला नकोसा झाला आहे. फोन वाजला की छातीत धडधडे. एका घाण्यात तळलेल्या कांद्यातला ओलावा राहिला आणि ऐंशी किलो मसाल्याला बुरशी आली. तो घाणा मी चाखून मंजूर केला होता, पण चाखल्याचे मला आठवतही नव्हते.

पुढच्या वर्षी, २०१९ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या दिली. त्यात त्याला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ आटोक्यात न आल्यामुळे येणारी ती अवस्था आहे, आणि शक्ती संपून जाणे, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा वाटणे व आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे या तिच्या तीन खुणा आहेत. ते वाचताना मला माझाच एप्रिल महिना आठवला. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातल्या विनामोबदला कामासाठी ते करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुष ९७ मिनिटे देतात असे नोंदले गेले. उद्योग चालवणाऱ्या बाईच्या थकव्याचा विचार ही पाच तासांची पाळी बाजूला ठेवून होऊच शकत नाही, असे माझे ठाम मत आहे. आमच्या घरी संध्याकाळचा स्वयंपाक त्यानंतर पती आणि मुलाकडे गेला. त्याला मी मदत म्हणत नाही, कारण ते त्यांचेही घर आहे.

कारखान्यातला बदल मात्र अधिक अवघड होता. बुरशी लागलेला माल बाहेर काढत असताना आमच्या सर्वांत जुन्या सहकारी मावशी म्हणाल्या, "ताई, सगळं तुम्हीच चाखत बसलात तर आम्ही कधी शिकायचं?" मी तोवर माझ्यावाचून अडणे हेच नेतृत्व समजत होते. त्या पावसाळ्यात आम्ही माझ्या अंदाजाने चाललेली सगळी मापे वजनात उतरवली : एका किलो मिरचीला कांदा, लसूण, खोबरे किती, दगडफूल आणि नाकेश्वर किती, तळलेला कांदा हाताने चुरडून कसा तपासायचा. खरेदी मावशींकडे दिली, भाजणी दुसऱ्या एका सहकारिणीकडे, चवीची शेवटची तपासणी तिघींकडे मिळून. पहिल्याच खरेदीत दमट मिरची आली आणि बरेच नुकसान झाले. ते अधिकार परत घ्यावेत असे मला त्या आठवड्यात रोज वाटत होते. मी ते घेतले नाहीत, आणि माझ्या सर्व निर्णयांत मला हा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मावशी आता मिरची मुठीत दाबून, देठ मोडून तिच्यातला ओलावा सांगतात आणि तो अंदाज सहसा चुकत नाही.

पैशाची काळजी हे जागरणाचे दुसरे कारण होते. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या मालाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. आम्ही लहान उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी केल्यावर ही मुदत प्रत्येक बिलावर छापू लागलो आणि मुदत न पाळणाऱ्या दोन दुकानांचा माल थांबवला.

पुढे शहरातल्या एका मोठ्या खरेदीदाराने दुप्पट मालाची मागणी केली. त्यासाठी रात्रपाळी लागणार होती. आम्ही सगळ्याजणी सतरंजीवर बसलो आणि एकच प्रश्न विचारला : अकराला येऊन पाचला जाणारी बाई या कामात टिकेल का? ती टिकणार नव्हती, म्हणून आम्ही नकार दिला. तेव्हापासून आठवड्याला किती माल करायचा याची मर्यादा ठरलेली आहे, मेच्या मध्यावर मागणीची वही बंद होते, आणि शाळा सुरू होण्याच्या सुमारास सर्वांना आठ दिवसांची पगारी सुट्टी असते.

जीएसटीचे विवरण आणि बँकेचे व्यवहार अजून माझ्याकडेच आहेत. वस्तीतली वाणिज्य शाखेची एक मुलगी आषाढापासून माझ्याशेजारी बसून ते शिकते आहे. पुढच्या हंगामात त्या वह्या तिच्या टेबलावर असतील.