एर्लांगन, जर्मनी, २४ डिसेंबर, रात्री साडेनऊ

हॉटेलच्या खोलीत बसून ब्रेड आणि चीज खातेय, कारण आज दुपारी दोननंतर इथे सगळं बंद होतं हे आठ वर्षं या गावात काढूनही मी चक्क विसरले. इथल्या लोकांचा ख्रिसमसचा खरा सण आज संध्याकाळीच, घराघरात, बाहेर चिटपाखरू नाही. लहानपणी आई आजच्या दिवशी मुगाची खिचडी टाकायची आणि बाबा म्हणायचे, अख्ख्या गल्लीत कुकरची शिट्टी फक्त आपलीच.

फ्रँकफर्टचं काम काल संपलं, फ्लाइट २७ची, मध्ये करायचं काय म्हणून इकडे आले असं ऑफिसात सांगितलंय. खरं म्हणजे तिकीटच तसं काढलं होतं.

सकाळी आधी न्यूर्नबर्गला उतरले, तिथल्या ख्रिसमस बाजाराचा आज शेवटचा दिवस. तीच लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कापडी छपरं, आणि सुक्या आलुबुखारांचे ते बाहुले, अक्रोडाचं डोकं, हातात छत्री-बित्री. एकदा मी त्यातल्या एकाचा पाय खाल्ला होता, चव कशी होती विचारू नका. पावात तीन सॉसेज मागितले तर स्टॉलवाला इंग्लिशमध्ये बोलायला लागला, मग मी मुद्दाम इथल्या बोलीत "द्राय इम वेग्ला" म्हटलं, तेव्हा कुठे गडी हसला आणि मोहरी जास्त घातली.

हा बाजार दरवर्षी चर्चच्या सज्जातून क्रिस्टकिंड उघडते, म्हणजे सोनेरी कुरळे केस, मुकुट घातलेली एक मुलगी, दर दोन वर्षांनी १६ ते १९ वयाच्या मुलींमधून निवडतात. मला ते व्हायचं होतं, इतकं की आईच्या जरीच्या पदराचे पंख करून घरभर फिरायचे. शाळेतल्या ख्रिस्तजन्माच्या नाटकात मात्र मी कायम तीन राजांपैकी काळा राजा. दुसऱ्या वर्गातल्या मुलाचं तोंड रंगवायला लागायचं, हिला काही लावायची गरज नाही असं बाई अगदी कौतुकाने म्हणाल्या होत्या, आणि मलाही तेव्हा ते कौतुकच वाटलं. मग २०१९ला बेनिग्ना मुन्सी क्रिस्टकिंड झाली, वडील मूळचे भारतातले. एका पक्षाच्या शाखेने तिच्यावर घाणेरडी पोस्ट टाकली, नंतर काढली, गाव मात्र तिच्या बाजूने उभं राहिलं. मी तेव्हा पुण्यात कॅन्टीनमध्ये तिचा फोटो बघत बसले होते आणि चहा पार गार झाला, तिशीच्या बाईला असं रडू यावं म्हणजे काय.

मग लोकल पकडून इकडे, वीसेक मिनिटं. सव्वाचारलाच अंधार. आमची बिल्डिंग तशीच आहे, बेलवरची नावं सगळी बदललीत. वरच्या मजल्यावरच्या ओमाचंही, म्हणजे आजीचंही, नाव नाही, ते नसणारच म्हणा. ती डिसेंबरात व्हॅनिलाच्या चंद्रकोरी बिस्किटांचा पत्र्याचा डबा द्यायची, आणि डबा रिकामा कसा परत द्यायचा म्हणून आई त्यात चकल्या भरून द्यायची. जानेवारीत ओमा तोच डबा घेऊन परत दारात, ह्यावेळी रिकामा, न लाजता! तिच्या खिडकीत आज दुसऱ्याच कुणाचे तरी लाकडी कमानीवरचे दिवे होते. मी बेल वाजवली नाही, काय सांगणार होते?

आत्ता आईला फोन केला. बाजारात गरम वाइनचा मग डिपॉझिट भरून मिळतो, परत दिला की पैसे परत. १९९७ला आम्ही एक बुटाच्या आकाराचा परत केलाच नव्हता, आई अजून त्यानेच तांदूळ मोजते, चौघांना दोन बूट. त्याचा कान गेल्या वर्षी तुटला म्हणून मी आज एक ठेवून घेतलाय, ह्या वर्षीचा, सरळ उभा, बूट नाही. सगळं ऐकून घेतलं, बेनिग्ना, बेल, ओमा, आणि मग म्हणाली, "ते असू दे, त्यात तांदूळ किती मावतो ते आधी बघ."

खोलीत तांदूळ नाही. पाण्याने मोजतेय.