फाटक, नोंद सातवी: चार ॲक्सलचा डबा आठचा कसा मोजला जातो

शनिवारी रात्री सव्वाअकराला माझ्या मॉडेल रेल्वेचं फाटक आपोआप उघडलं. गाडी अजून फाटकातच होती.

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की टायमरची भानगड संपली, आता ॲक्सल (चाकांच्या जोडीचा आस) मोजायचे. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. गाडी सेन्सरवरून गेली की तीन सेकंदांनी फाटक उघड, ही जुनी पद्धत धावत्या गाडीला ठीक होती. पण रूळ जरा मळके असले आणि गाडी मध्येच अडली, की सेन्सर नेमका दोन बोगींच्या (बोगी म्हणजे इथे अख्खा डबा नव्हे, डब्याखालचा चाकांचा सांगाडा) मधल्या रिकाम्या जागेत बघत बसायचा. आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्याच्या) डब्याच्या दोन बोगींमध्ये एचओत, म्हणजे माझ्या १:८७ मापात, साडेतेरा-चौदा सेंटीमीटर नुसती हवा असते. सेन्सरला वाटणार गाडी गेली, फाटक वर, आणि रस्त्यावरची लाल एसटी थेट डब्यासमोर. म्हणून ठरवलं की खऱ्या रेल्वेसारखं करायचं. फाटकाआधी १.३५ मीटरवर सेन्सर 'अ', फाटकानंतर १२ सेंटीमीटरवर 'ब'. अ वर आत आलेले ॲक्सल मोजायचे, ब वर बाहेर गेलेले वजा करायचे, बाकी शून्य झाल्याशिवाय दांडा हलणार नाही. गाडी सध्या एकाच दिशेने.

१.३५ मीटर कुठून आलं? ताशी ६० किलोमीटर म्हणजे एचओत सेकंदाला १९ सेंटीमीटर, म्हणजे दांडा पडायला सात सेकंद मिळतात. अमेरिकेत ऑटोमॅटिक फाटकाला गाडी येण्याआधी किमान २० सेकंद इशारा द्यावा लागतो. त्या हिशोबाने मला पावणेचार मीटर हवेत आणि माझं अख्खं लेआउट ८ बाय ४च्या एका प्लायवर आहे. सातवर भागवलं.

ट्रॅक सर्किट, म्हणजे रुळांतल्या करंटवरून गाडी ओळखणं, का नाही, हे दोघांनी विचारलं होतं. विल्यम रॉबिन्सनने १८७२ साली काढलेली ती युक्ती आजही जगभर चालते, पण ती चालते कारण खऱ्या गाडीचा प्रत्येक ॲक्सल दोन रूळ जोडतो. आपल्या डब्यांची चाकं इन्सुलेटेड असतात, नाहीतर ती रूळच शॉर्ट करतील. म्हणजे करंट बघून फक्त इंजिन सापडणार, मागचे डबे अदृश्य. थोडासाच करंट जावा म्हणून प्रत्येक ॲक्सलला रेझिस्टर चिकटवणारे लोक आहेत, त्यांना साष्टांग नमस्कार. माझ्याकडे तेवढा धीर नाही.

तर शनिवार. डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन आणि पाच डबे, म्हणजे ६ अधिक २०, एकूण २६ ॲक्सल. डिस्प्लेवर अ ने दाखवले १६. ब वर सोळावा ॲक्सल गेला, बाकी शून्य झाली आणि शेवटचे अडीच डबे आत असताना फाटक ऐटीत वर. दहा ॲक्सल गेले कुठे? हे पंधरा मिनिटांत सापडलं आणि सांगायलाही लाज वाटते. दांडा सावकाश पडावा म्हणून सर्व्होच्या (दांडा हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या) लूपमध्ये दर अंशाला ३० मिलिसेकंदांचा डिले टाकला होता. ९० अंश म्हणजे २.७ सेकंद. तेवढा वेळ नॅनो (फाटक चालवणारा छोटा आर्डुइनो बोर्ड) डोळे मिटून दांडा पाडत बसते, आणि तेवढ्यात अर्धा मीटर गाडी अ वरून निघून जाते. डिले काढला, मिलीस (न थांबता घड्याळ बघत राहायची पद्धत) लावलं, दोन्ही सेन्सरचे बीम (रुळांवरून आडवे जाणारे अदृश्य किरण) डी-२ आणि डी-३ या पिनांच्या इंटरप्टवर नेले, म्हणजे नॅनो हातातलं काम सोडून लगेच दखल घेते. अ ने लगेच २६ दाखवले. दहापैकी दहा फेऱ्या. मी झोपायला गेलो.

रविवारी सकाळी ब ने ४८ मोजले.

पुढच्या फेरीत ४७. मग ५०. फाटकाचा तमाशा तर बघण्यासारखा होता: गाडी निम्मी गेली की दांडा पंधरा-वीस अंश उचलायचा, थबकायचा, परत खाली आपटायचा आणि मग कायमचा बंद. डिस्प्लेवर बाकी २३४. म्हणजे माझ्या इवल्याशा सेक्शनमध्ये ५८ वाघिणींची अख्खी बॉक्सएन मालगाडी उभी, वर दोन ॲक्सल जास्तच! ही २३४ची गंमत निदान कळली. बाकी मी बाइटमध्ये ठेवली होती, त्यात उणे आकडा बसत नाही, शून्यातून एक वजा केला की ती २५५ होते. पण मुळात जास्त मोजतंय का, हे काही कळेना.

इथून गुरुवारपर्यंतची कथा ही माझ्या मूर्खपणाची कथा आहे, पण सविस्तर सांगतो, कारण कुणी ना कुणी यात पडणारच.

पहिला संशय उन्हावर. खोलीची खिडकी पश्चिमेला, आणि जुने परावर्तनवाले सेन्सर साडेचारच्या उन्हात वेडे व्हायचे हे तुम्हाला माहीत आहे. पण ही चूक सकाळी होत होती. तरी पडदा लावला. ४९. मग इंजिनच्या मोटरवर संशय: ब ची वायर लांब आहे, ब्रशच्या ठिणग्यांचा विजेचा गोंधळ तिच्यात शिरत असेल. वायरला पीळ दिला, मोटरवर १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर टाकला. ४७. इंटरप्टमध्ये पाच मिलिसेकंदांची गाळणी लावली, त्याहून छोटा अडथळा मोजायचाच नाही. खरं चाक १९ सेंटीमीटरच्या वेगाला बीम जवळपास ५० मिलिसेकंद अडवतं, त्यामुळे गाळणीत काही हरवणार नव्हतं. ४८.

मग कंपॅरेटरवर, म्हणजे बीम अडला की नाही ते ठरवणाऱ्या चिपवर, संशय. हा एलएम-३९३चा तयार मोड्यूल मी पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणला होता, दुकानाचं नाव घेत नाही, पण त्याचं पोटेन्शिओमीटर (जुळवणीचा स्क्रू) बोट लावलं तरी सरकतं. आता माझं मत पक्कं झालंय: तयार मोड्यूल घ्यायचेच नाहीत. जुन्या बॉलवाल्या माउसमधली आयआर एलईडी आणि फोटोट्रान्झिस्टरची जोडी यापेक्षा शंभर पटीने बरी. सगळ्यांकडे असा एक माउस माळ्यावर पडलेला असतो. काळ्या हीट-श्रिंकची (तापवली की आवळणाऱ्या नळीची) टोपी घालायची, सुईने भोक पाडायचं, बीम सुतासारखा येतो. मंगळवारी रात्री ब वर तीच जोडी बसवली. अ वर आधीपासून तीच होती.

४८.

बुधवारी काहीच केलं नाही. हीर रंगवली. खराट्याची हीर दांड्यासाठी नंबर एक आहे, हे मी आधीही सांगितलंय: सरळ, हलकी, आणि सर्व्होवर भार येत नाही. मधली लाल तबकडी खऱ्या फाटकावर ६० सेंटीमीटरची असते, म्हणजे एचओत सात मिलिमीटर. कार्ड कापून तीन वेळा वाकडी झाली. शेवटी आईच्या पाकिटातली लाल टिकली मोजली, बरोबर सात! गोंदही मागे लागलेलाच. आई म्हणाली, "फाटकाला कुंकू लावलंस, आता तरी नीट चालेल."

गुरुवारी गाडी न चालवता एकच डबा हातात घेतला आणि हळूहळू ढकलला. हे रविवारीच करायला हवं होतं. अ: ४. ब: ८. इतका स्वच्छ आकडा! डबा आणखी हळू, केसाकेसाने पुढे नेला. पहिलं चाक बीममध्ये आलं, एक. चाक पुढे गेलं, बीम मोकळा. आणि ॲक्सल तोच, पण त्याच ॲक्सलचं पलीकडचं चाक बीममध्ये आलं. दोन.

बीम तिरका होता. ब च्या एका बाजूला गेटमनची गुमटी आहे. ती मी एप्रिलमध्ये फेविकॉलने चिकटवली, भोवती गवत लावलं, दारात तुळशीवृंदावनसुद्धा ठेवलं. तिला वळसा घालून एलईडी बसवताना बीम काटकोनापासून पस्तीस-चाळीस अंश तिरका गेला होता. काटकोनात बीम असेल तर ॲक्सलची दोन्ही चाकं एकाच वेळी अडवतात, म्हणून एक मोजणी. एवढा तिरका असेल तर बीम दोन्ही रूळ ओलांडेपर्यंत साधारण तेरा मिलिमीटर सरकतो, आणि चाक त्या उंचीवर जेमतेम साडेनऊ मिलिमीटर अडवतं. मध्ये फट राहते, एका ॲक्सलचे दोन होतात. मग सरळ ५२ का नाही यायचे? कारण इंजिनच्या तीन ॲक्सलच्या बोगीत चाकं इतकी जवळ आहेत की एकाचं पलीकडचं चाक आणि पुढच्याचं अलीकडचं चाक बीममध्ये गुंतून जातात. त्यामुळे आकडा ४७, ४८, ५० असा लटपटत होता. नेमका दुप्पट आला असता तर रविवारीच ट्यूब पेटली असती.

गुमटी उपटावी लागली. पात्याने कापून काढली, गवत फाटलं, तुळशीवृंदावन वाचलं. दोन सेंटीमीटर मागे सरकवली, खरं सांगायचं तर आता जास्त शोभते. एलईडी समोरासमोर आले. रात्री पन्नास फेऱ्या मारल्या, अ २६, ब २६, बाकी शून्य. शेवटचा डबा जातो, एक श्वास घेण्याएवढं थांबून हीर हळूच वर जाते. शेवटच्या दहा फेऱ्या मी दिवा बंद करून नुसत्या बघितल्या.

बाकी आता साध्या इंटमध्ये आहे, त्यात उणे आकडाही बसतो, आणि ती उणे गेली तर फाटक बंदच राहतं, लाल दिवा लागतो आणि बटण दाबेपर्यंत उघडत नाही. खऱ्या ॲक्सल काउंटरचंही तेच: हिशोब चुकला तर सेक्शन भरलेलंच धरायचं, माणसाने खात्री करून रीसेट करायचं.

इथे ही नोंद संपायची होती. पण शुक्रवारी मामा आला. मामा दौंड-मनमाड मार्गावर स्टेशन मास्तर होता, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. चहाचा कप प्लायवर ठेवून (मी काही बोललो नाही) त्याने तीन फेऱ्या बघितल्या आणि म्हणाला, "छान आहे. पण उलटं आहे."

"मामा, उलटं म्हणजे?"

"अरे, तुझी गाडी आली म्हणून फाटक लागतं. आपल्याकडे फाटक लागलं म्हणून गाडीला सिग्नल पडतो. फाटक नाही लागलं तर गाडी बाहेर उभी. तुझा दांडा अडकला तर तुझं इंजिन काय करेल?"

इंजिन एसटीला उडवेल. दुसरं काय करणार?

खरं आहे त्याचं. मी डोक्यात परदेशी फाटक घेऊन बसलो होतो. ब्रिटनमध्ये १९६१ साली स्पॅथला पहिलं ऑटोमॅटिक अर्धं फाटक बसलं, आणि १९६८च्या जानेवारीत हिक्सनला काय झालं तेही मी वाचलेलं होतं: १२० टनांचा ट्रान्सफॉर्मर घेऊन जाणारा लांबलचक ट्रेलर फाटकातून रांगत होता, इशारा मिळाला २४ सेकंद, एक्सप्रेस आली, ११ माणसं गेली. हे वाचूनही आपण तेच बांधतोय हे लक्षात आलं नाही. आपल्याकडचं इंटरलॉक फाटक म्हणजे गेटमन, त्याची किल्ली आणि पिवळ्या गोलात काळा 'जी' असलेला सिग्नल. जानेवारी २०१९पासून तर ब्रॉडगेजवर गेटमनशिवायचं फाटक उरलेलंच नाही. आणि माझ्या गुमटीतला गेटमन नुसताच शोभेला!

तर बेत बदलला. अ वर गाडी आली की घंटा आणि दांडा, हे तसंच. पण दांडा खरंच पडला का, हे सर्व्होला विचारायचं नाही. सर्व्होला हुकूम दिला म्हणजे दांडा पडला असं नव्हे, मध्ये वायर निसटू शकते. त्याच माउसच्या क्लिकचा मायक्रोस्विच दांड्याच्या टोकाखाली बसवतोय. तो दाबला गेला की रिले (विजेवर चालणारा स्विच) ओढेल, रिले ओढला की सिग्नल हिरवा आणि रुळाच्या वेगळ्या तोडलेल्या तुकड्याला करंट. नाही दाबला, तर इंजिन त्या ३५ सेंटीमीटरच्या तुकड्यात निमूट उभं. सिग्नल फाटकाआधी ४५ सेंटीमीटरवर. अ पासून तिथे यायला पावणेपाच सेकंद लागतात, दांडा २.७ सेकंदांत पडतो, म्हणजे सगळं ठीक असेल तर गाडीला थांबावं लागणारच नाही.

मामाने ४५ गुणिले ८७ तोंडी केलं. "एकोणचाळीस मीटर. एवढ्यात थांबते का एक्सप्रेस?" मी म्हटलं, मामा, रूळही १६.५ मिलिमीटरचे आहेत, त्याला ८७ने गुणलं तर स्टँडर्ड गेज येतं, ब्रॉडगेज नाही. ते चालतं ना? तो म्हणाला, "ते मी बोललोच नाही अजून."

लिहिता लिहिता एक सुचलं. तुकड्याचा करंट एकदम तोडला तर इंजिन खिळल्यासारखं थांबेल आणि मागचे डबे चढतील. रिलेऐवजी मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) घालून पीडब्ल्यूएमने, म्हणजे करंट भराभर चालू-बंद करून, वेग उतरवला तर? मग डी-९ आणि डी-१० या पिना चालणार नाहीत, त्यांचा टायमर-१ सर्व्होची लायब्ररी खाते. डी-५ मोकळा आहे. बरं, रिले आणलाय तो राहू दे, आधी मॉस्फेट.

एक दुखणं अजून शिल्लक आहे. शेवटच्या डब्याचं कपलिंग खाली लोंबतं आणि कधीतरी एक ॲक्सल म्हणून मोजलं जातं. अ आणि ब दोन्हीकडे मोजलं गेलं तर मला काहीच हरकत नाही, खरा आकडा कुणाला हवाय, वजाबाकी जुळली की झालं. पण ते झुलतं, म्हणून एकीकडे मोजलं जातं, दुसरीकडे नाही. पन्नास फेऱ्यांत नाही झालं, मामासमोर मात्र चौथ्या फेरीत झालं. बीम रुळापासून तीन मिलिमीटरवर आहे, तो दीडवर आणून बघतो.

रूळ रविवारी कापणार. कुणाकडे ०.८ मिलिमीटरची पियानो वायर (कडक पोलादी तार) हातभर उरली असेल तर कळवा, दांड्याला लावलेली यू-क्लिप वाकायला लागली आहे.