वॉशिंग्टनला घटना बघायला जाताय? मग शनिवार सोडून जा

"अमेरिकेची राज्यघटना, संसद आणि सुप्रीम कोर्ट, सगळं एका दिवसात, प्रवेशासहित" असं सांगून एका टूरवाल्याने आमच्याकडून माणशी ८५ डॉलर घेतले. यातल्या एकाही ठिकाणी प्रवेशाला पैसे लागत नाहीत. कॅपिटॉलची, म्हणजे संसद भवनाची टूर फुकट, सुप्रीम कोर्ट फुकट, मूळ घटना ठेवलीय ते नॅशनल आर्काइव्हज फुकट, तिथे फक्त ऑनलाइन वेळ राखून ठेवायची असेल तर माणशी एक डॉलर पडतो. म्हणजे आम्ही पैसे मोजले ते सरकारी इमारतीच्या दारापर्यंत चालत नेण्याचे. आणि वर दिवस दिला शनिवार! शनिवार-रविवार सुप्रीम कोर्ट बंद असतं हे ज्याला माहीत नाही त्याने टूर काढू नये.

तो शनिवार कसा गेला ते सांगते, म्हणजे तुमचा जाणार नाही. जुलैचं ऊन, आर्काइव्हजचं बुकिंग केलंय म्हणाला होता ते केलेलंच नव्हतं, त्यामुळे कॉन्स्टिट्यूशन अव्हेन्यूवर विनाआरक्षण रांगेत उभं राहायला लागलं. तिथून कॅपिटॉलपर्यंत दीडेक किलोमीटर चालत, शेवटी चढ, सावली तुटक. दारात सिक्युरिटीवाले म्हणाले पाणी आत चालणार नाही, ओतून टाका. खाणं, पाणी, काहीच नेता येत नाही, रिकामी बाटली मात्र चालते आणि आत भरून घेता येते. हे एक वाक्य आधी सांगायला काय हरकत होती? आईबाबा बरोबर होते, दोघं रोज टेकडी चढणारे आहेत म्हणून निभावलं. मग टूरमध्ये घुमटाखालचा रोटंडा आणि पुतळ्यांचा हॉल दाखवतात, प्रत्येक राज्याचे दोन पुतळे इमारतभर विखुरलेत, त्यातले काही या हॉलमध्ये, ते ठीक आहे. पण सभागृह? ते टूरमध्ये नसतंच! बाहेर पडल्यावर समोर रस्त्यापलीकडे सुप्रीम कोर्ट, दार बंद, आणि टूरवाला म्हणतो इथे फोटो काढा. चिडचिड, दुसरं काही नाही.

म्हणून सोमवारी आम्ही आमचे आमचे परत गेलो आणि काय सांगू, तोच खरा दिवस! सभागृहाच्या गॅलरीचा पास वेगळा असतो. अमेरिकेत राहणाऱ्यांनी तो आपल्या खासदाराच्या ऑफिसकडे मागायचा, बाहेरच्या देशातून आलेल्यांना कॅपिटॉल व्हिजिटर सेंटरमध्येच पासपोर्ट दाखवून मिळू शकतो. फोन, बॅग बाहेर ठेवायला लागतात. आत खाली हाउसचं, म्हणजे कनिष्ठ सभागृहाचं, कामकाज चालू होतं, ४३५ जणांच्या सभागृहात मोजकी डोकी, एक बाई रिकाम्या खुर्च्यांपुढे तळमळून बोलत होत्या. स्पीकरच्या उजव्या हाताला चांदीचा गरुड बसवलेला राजदंड दिसतो, त्यात आबनुसाच्या १३ काठ्या बांधलेल्या आहेत, मूळच्या १३ राज्यांच्या. तो उंच चौथऱ्यावर असला की हाउसची बैठक चालू आहे, अख्खं सभागृहच समिती म्हणून बसलं की तो खालच्या चौथऱ्यावर उतरवतात. बाबा तासभर त्या दंडाकडेच बघत होते.

सुप्रीम कोर्टात समोरच्या भव्य पायऱ्या चढू नका, वर चढून उपयोग नाही, लोकांचा प्रवेश खालच्या बाजूच्या दारांतून आहे. सुनावणी नसेल त्या दिवशी कोर्टरूममध्ये बसवून माहिती सांगतात, ते चुकवू नका. १९३५ पर्यंत या कोर्टाला स्वतःची इमारतच नव्हती, कॅपिटॉलमध्येच खोल्या वापरायचे. तरी १८०३ साली मार्बरी विरुद्ध मॅडिसन या खटल्यात त्याच संसदेच्या कायद्यातलं कलम घटनाबाह्य म्हणून रद्द केलं, आणि हा अधिकार घटनेत स्पष्ट लिहिलेला नाही, नऊ न्यायाधीश हा आकडाही नाही, तो कायद्याने ठरतो. याच कोर्टाचे न्यायाधीश फ्रँकफर्टर यांना आपल्या घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव भेटले होते, 'ड्यू प्रोसेस' (माणसाचं स्वातंत्र्य न्याय्य पद्धतीनेच काढून घेता येईल, ही अट) घालू नका असा फ्रँकफर्टर यांचा सल्ला होता, आणि आपल्या जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काच्या कलम २१ मध्ये ते शब्द आले नाहीत. १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात आपल्या कोर्टाने तो अर्थ दुसऱ्या वाटेने आणलाच. हे माहीत असून तिथे बसलं की अंगावर काटा येतो, खरंच.

आर्काइव्हजसाठी एक डॉलर खर्च करा आणि सकाळची पहिली वेळ घ्या. आत अंधुक उजेड, फोटोला बंदी. सगळे डिक्लेरेशनपुढे, म्हणजे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापुढे गर्दी करतात, ते इतकं पुसट झालंय की काही दिसत नाही. तुम्ही सरळ घटनेच्या चौथ्या पानाकडे जा. सह्या राज्यवार आहेत, उत्तरेकडून दक्षिणेकडे. न्यूयॉर्कपुढे एकच नाव, हॅमिल्टन, त्यांचे बाकीचे दोघं प्रतिनिधी रागावून आधीच निघून गेलेले. ऱ्होड आयलंड तर नाहीच, त्यांनी घटना लिहिणाऱ्या परिषदेला प्रतिनिधीच पाठवला नव्हता. चार पानांत मावलेली घटना, आणि आजवर फक्त २७ दुरुस्त्या, कारण दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि वर तीन चतुर्थांश राज्यं लागतात.

स्मिथसोनियन, लिंकन मेमोरियल वगैरे झालं, छान आहे.

वेळ एकाच शहरापुरता असेल तर मी फिलाडेल्फिया म्हणेन, वॉशिंग्टन नाही. युनियन स्टेशनवरून ट्रेनने दोनेक तास. १७ सप्टेंबर १७८७ ला सह्या झाल्या ती खोली इंडिपेंडन्स हॉलमध्ये आहे, जॉर्ज वॉशिंग्टन बसायचे ती, पाठीवर अर्धा सूर्य कोरलेली खुर्चीही. वेळेचं तिकीट आधी ऑनलाइन काढा, सरकारी साइटवरूनच, बाकी कुणी 'स्किप द लाइन' म्हणून विकत असेल तर घेऊ नका. लिबर्टी बेल या ऐतिहासिक घंटेला तिकीट नाही, रांग लांब असेल तर सोडून द्या, खिडकीतून बाहेरूनही दिसते. तिथून जवळच नॅशनल कॉन्स्टिट्यूशन सेंटरमध्ये घटनेच्या परिषदेतल्या प्रतिनिधींचे माणसाच्या उंचीचे ४२ ब्रॉन्झचे पुतळे आहेत, त्यात शेवटपर्यंत थांबून सही न करणारे तिघंही उभे केलेत, मेसन, रँडॉल्फ आणि गेरी. मेसनचं म्हणणं होतं नागरिकांच्या हक्कांची सनद नाही तर सही नाही, आणि १७९१ मध्ये पहिल्या दहा दुरुस्त्या आल्याच. या सेंटरला तिकीट आहे, रोज उघडंही नसतं, आधी बघून जा. ते पैसे मी आनंदाने परत भरेन.