ठाणे की वॉर ५?

ब्रेल, म्हणजे बोटांनी वाचायची उठावाच्या टिंबांची लिपी, मी शाळेत इंग्रजीतून शिकलो. मराठी ब्रेल हाती लागली ती चाळिशीत, नौपाड्यातल्या घरी. पहिलाच शब्द बोटाखाली आला: डब्ल्यू, मग 'एआर' या दोन अक्षरांचं मिळून एकच आखूड चिन्ह, मग आकड्याची खूण आणि इंग्रजीतलं पाचवं अक्षर ई, म्हणजे ५. वॉर ५? बायकोने खालचा छापील मजकूर वाचला. "अहो, ठाणे लिहिलंय!"

ब्रेलच्या सहा टिंबांपैकी २-४-५-६ ही टिंबं इंग्रजीत डब्ल्यू, भारतीय भाषांसाठीच्या भारती ब्रेलमध्ये ठ. 'एआर' झाला आ. आकड्याची खूण शब्दात शिरली की बाणातला ण, इंग्रजी ई झाला मराठी ए. क मात्र दोन्हीकडे क, तेवढाच दिलासा. तलावपाळीतल्या ळवर बोट अजून अडखळतं.