24 मीटर खोल

रद्दीवाला खाली हाका मारत होता आणि मी माळ्यावर, धुळीत फतकल मारून, मोहेंजोदडो वाचत बसले होते.

सुतळीने बांधलेला झेरॉक्सचा गठ्ठा. एफ.वाय., इतिहास, प्राचीन संस्कृती. अक्षर माझं नाही. स्वतःच्या अक्षरातलं मला कधी पाठच होत नसे. सगळं ओळखीचं, त्यामुळे डोळा नुसता घसरत जाई. अभ्यास करावा तो दुसऱ्याच्या वहीतून, हे माझं जुनं शास्त्र आहे.

वर्गात नोट्स म्हणजे पहिल्या बाकावरच्या एकीच्याच. ती सरांचा खोकला तेवढा उतरवून घ्यायची बाकी ठेवी. तिच्या वहीची झेरॉक्स, त्या झेरॉक्सची झेरॉक्स, असं करत माझ्याकडे चौथी पिढी आली होती. उजवीकडे काळा पट्टा, त्यात ओळींची शेपटं बुडालेली. 1921, हडप्पा, दयाराम साहनी. 1922, मोहेंजोदडो, राखालदास बॅनर्जी. विटा 1:2:4. समासात 'उद्या सर नाहीत' आणि त्याखाली, का कोण जाणे, 'भेंडी'.

आणि महास्नानगृह. 12 मीटर लांब, 7 मीटर रुंद, 24 मीटर खोल.

ते खरं म्हणजे 2.4 आहे. मूळ वहीत टिंब असणारच, ती मुलगी टिंब सोडणारी नव्हे. कुठल्या तरी झेरॉक्सच्या काचेवर ते गेलं आणि आम्ही अख्ख्या वर्गाने पेपरात 24 मीटर ठोकून दिलं. आठ मजली इमारत उभी बुडेल! पायऱ्या उतरेपर्यंत बिचाऱ्यांची दुपार झाली असती, आंघोळ कधी करणार? पण एकालाही शंका आली नाही. तपासणाऱ्यालाही नाही. मला आठपैकी सहा मिळाले.

पुढे कधी तरी वाचलं, सुमेरमधल्या, म्हणजे आजच्या इराकच्या दक्षिणेकडल्या, निप्पूर गावात एका घरात शाळा भरत असे. साधारण इ.स.पू. 1750 च्या सुमाराची गोष्ट. पोरं ओल्या मातीच्या पाट्यांवर बोरूने खुणा उमटवत. काही पाट्या गोल, तळहातात मावतील एवढ्या. एका बाजूला गुरुजींचा कित्ता, दुसऱ्या बाजूला पोराचं गिरवणं. सुमेरी काव्य आज आपल्याला कळतं ते बरंचसं अशा पोरांच्या गृहपाठातून. तीही चुकत, ओळी गाळत. तज्ज्ञ आता एकाच कवितेच्या अनेक प्रती शेजारी मांडून कोण कुठे घसरलं ते शोधतात. आमच्या सतरा प्रती कुणाला सापडल्या तर पंचाईत आहे. सतराही 24 च म्हणतील.

त्या घरात जुन्या पाट्या भिंतीत आणि जमिनीत भरून टाकलेल्या सापडल्या. म्हणजे रद्दी तेव्हाही होतीच.

गठ्ठ्यात दायमाबादला दीड ओळ होती. दायमाबाद आमच्याच श्रीरामपूर तालुक्यातलं, प्रवरेच्या काठचं. 1974 साली तिथे झाडाचं मूळ उकरताना काशाचे हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैलांचा रथ मिळाला. रथावर माणूस उभा. आम्ही युफ्रेटिस-टायग्रिसचा नकाशा डोळे मिटून काढत होतो आणि या रथाला दीड ओळ. एसटीने जेमतेम तासाभराचा रस्ता. कुणी नेलं नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हीही कधी 'न्या' म्हटलं नाही.

शेवटच्या पानावर 'ऱ्हासाची कारणे : 1) पूर 2)' आणि खाली 'मागे पाहा'. मागे पाहिलं. कोरं. पैसे वाचवायला मी एकाच बाजूची काढली होती. परीक्षेत मग सगळं पुरावरच ढकललं असणार.

"ताई, येताय का जाऊ?"

खाली गेले. गठ्ठा सव्वा किलो भरला. दायमाबादचं पान काढून ठेवायचं मात्र राहिलं.