क्रॉसबोचा रहाट: मूठ सुटली तरी दोरी सुटू नये

क्रॉसबोची (दांड्यावर आडव्या बसवलेल्या, खटक्याने सुटणाऱ्या धनुष्याची) दोरी ताणायला मी रहाट बनवतो आहे. त्याचा ढोल दांड्याच्या मागच्या टोकाला बसला आणि ब्रेक भार धरू लागला, म्हणून ही नोंद. धनुष्य असं आहे: शेवटी ६० किलोचा ताण, दोरीचा प्रवास २५ सेंटिमीटर. दांड्याच्या पुढच्या रिकिबीत पाय रोवून एवढं नुसत्या हातांनी ओढता येतं, पण सगळ्यांना नाही. शिवाय हात थकले की दोन्ही बाजूंनी सारखं ओढलं जात नाही. ताणलेली दोरी धरून ठेवणाऱ्या खटक्यात ती दोनेक मिलिमीटर जरी सरकून बसली, तरी बाण लक्ष्याच्या बाजूला जातो.

जोर कमी करण्याचा प्रश्न तसा जुनाच, आणि सुटलेला. मध्ययुगीन युरोपात कमरपट्ट्याचा आकडा होता, गोट्स फूट नावाची तरफ होती, हँडलने दोर गुंडाळणारा कप्प्यांचा विंडलास होता आणि दातेरी पट्टीचा क्रेनक्विन तर घोड्यावर बसूनही चालायचा. आजची कप्पीवाली ओढदोरी जोर निम्मा करते, त्या बदल्यात हातांना दुप्पट दोर ओढावा लागतो. माझा प्रश्न वेगळा आहे. अर्ध्या वाटेत हात सुटला तर? ओढदोरी असेल तर धनुष्य बाणाविना सुटतं आणि त्याच्या वाकणाऱ्या पात्यांना तडा जाऊ शकतो. तरफ असेल तर तीच उलटी फिरून हातावर येते. सोपेपणा आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीवर कमी विचार होतो असं माझं ठाम मत आहे.

आता हिशेब. ढोलाची त्रिज्या १० मिलिमीटर, पट्टा दीड मिलिमीटर जाड, हँडल १५० मिलिमीटरचं. पहिल्या वेढ्यात सुमारे १४ पट फायदा मिळतो. पण वेढ्यावर वेढा चढत जातो तसा ढोल जाड होतो आणि २५ सेंटिमीटर पुरे होताना, चौथ्या वेढ्याच्या सुरुवातीला, फायदा जेमतेम १० पट उरतो. नेमका तिथेच ताण सर्वांत जास्त! त्यामुळे हँडलवरचा जोर पहिल्या नव्हे, तर शेवटच्या वेढ्यावरून काढायचा: सुमारे सहा किलो, घर्षण धरून सात-आठ. बसल्या बसल्या फिरवता येईल इतका.

रॅचेटला, म्हणजे एकाच दिशेने फिरू देणाऱ्या दातेरी चाकाला, १२ दाते आहेत. पट्ट्याच्या हिशेबात एक दाता म्हणजे शेवटच्या वेढ्यात जवळजवळ आठ मिलिमीटर. मूठ सुटली की पॉल (चाकाला अडवणारी खिट्टी) दात्यात पडेपर्यंत दोरी तेवढी मागे धावते आणि सगळा हिसका त्या एका दात्यावर बसतो. म्हणून दोन पॉल घेतले आणि ते अर्ध्या दात्याच्या फरकाने बसवले. हिसक्याचं अंतर निम्म्यावर आलं, आणि एकाची स्प्रिंग तुटली तरी दुसरा आहेच. पॉलना पाणी दिलं आहे (तापवून झटकन थंड करून कडक केलं आहे), पण टोकं ठिसूळ राहू नयेत म्हणून नंतर टेंपर करून, म्हणजे पुन्हा हलकी तापवून, घेतली. आवाज नको म्हणून काही जण फिरवताना पॉल उचलून धरतात. कृपा करून असं करू नका. ताणाखाली हँडल निसटलं तर ते मनगट मोडतं.

नुसत्या रॅचेटची मोठी अडचण उतरवताना येते. पॉल उचलला की सगळा भार अचानक हातावर. वर्म गिअरचा (स्क्रूने फिरणाऱ्या दातेरी चाकाचा) विचार केला होता. तो स्वतःच अडतो खरा, पण असं अडणाऱ्या गिअरची कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या वर जात नाही, आणि चांगलं वंगण किंवा थरथर मिळाली की त्याच्या अडण्याचाही भरवसा राहत नाही. शेवटी साखळीने वजन उचलणाऱ्या चेन पुलीत असतो तो वेस्टन ब्रेक घेतला. हँडलचा हब शाफ्टवरच्या आट्यांवर फिरतो आणि रॅचेटचं चाक घर्षणाच्या दोन चकत्यांमध्ये दाबतो. हात सोडला की भारच त्या आट्या आणखी घट्ट करतो. हँडल उलटं फिरवलं तर दाब सैल होतो आणि दोरी हाताच्या गतीनेच पुढे जाते, त्याहून जलद नाही. ही रचना ज्याला सुचली त्याच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

ताणलेलं धनुष्य बाण न सोडता उतरवायचं तर ट्रिगर दाबावा लागतो, आणि बाण नसताना ड्राय फायरची (धनुष्य बाणाविना सुटू न देणारी) अडकण खटका उघडू देत नाही. त्यासाठी पट्ट्याच्या टोकाच्या, दोरी आकड्यांनी धरून ओढणाऱ्या गाड्याला एक जीभ दिली आहे. दोन्ही आकडे दोरीवर पूर्ण बसले, तरच ती अडकण उचलते. गाडा दांड्यावरच्या बाणाच्या खाचेत असताना बाण ठेवायला जागाच उरत नाही, त्यामुळे आकडे न काढता बाण लावता येत नाही. बाजारातून घेतलेल्या धनुष्यावर मात्र उतरवण्याचा हा प्रयोग नको. त्याच्या पुस्तिकेत रहाटाने उतरवायला स्पष्ट परवानगी नसेल, तर उतरवण्यासाठीचा बाण लावून तो लक्ष्यात सोडणंच बरं.

चाचणी धनुष्य काढून ठेवून केली. ढोलावर ९० किलो, म्हणजे कमाल ताणाच्या दीडपट वजन टांगलं आणि वेगवेगळ्या उंचीवर मूठ सोडली. वजन अर्ध्या दात्याच्या आत थांबलं. मग एका पॉलची स्प्रिंग काढून पुन्हा पाहिलं, तेव्हाही थांबलं. चकत्यांना मुद्दाम तेल लावल्यावर मात्र ते हळूहळू खाली सरकू लागलं, म्हणून ब्रेकवर आता बंद झाकण बसवतो आहे आणि ढोलाचे बुश (शाफ्टला आधार देणाऱ्या नळ्या) वंगण लागत नाही असे निवडतो आहे.

पट्ट्याची शिवण अजून तपासायची आहे. ढोलाच्या खाचेत ती जिथे दुमडते तिथेच आधी झिजेल असा अंदाज आहे. कोणी पट्ट्याऐवजी विणलेली पॉलिथिलीन दोरी वापरली असेल, तर ती वेढ्यांमध्ये रुतते का ते जरूर सांगा.